टाइम मॅडमचं सरकतं घड्याळ

मॅडम क्लासच्या दारात उभ्या राहायच्या. पायात चप्पल तशीच, खांद्याला पर्स तशीच, आणि तिथूनच खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या एक नंबरच्या कॉम्प्युटरवरचं घड्याळ मोठ्यानं वाचायच्या. तास, मिनिटं आणि वर सेकंदसुद्धा. वाचून झालं की छातीत धरलेला श्वास सोडायच्या, चप्पल कोपऱ्यात सारायच्या आणि मगच आत यायच्या. एकही दिवस चुकायचा नाही. क्लासच्या पोट्ट्यांना याची मोठी मजा वाटे. मॅडम जिन्यावर दिसल्या की कुणीतरी त्यांच्याच आवाजात वेळ सांगायचं आणि सगळे खिदळायचे. त्यातूनच त्यांचं नाव पडलं, टाइम मॅडम. ते त्यांच्या कानावर होतं आणि त्याही हसायच्या. पण मी जवळ उभी असायची. घड्याळ वाचताना त्यांची बोटं पर्सच्या पट्ट्याभोवती इतकी आवळलेली असत की नखं पांढरी पडत.

जळगाव जामोदला तेव्हा कॉम्प्युटर नवा होता. नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून मुलं शिकायला यायची, आणि घरात बसून जीव घाबरतो म्हणून काही बायकाही यायच्या. एसटी स्टँडजवळ बी-बियाण्याच्या दुकानावर मॅडमचा क्लास होता. खालून फवारणीच्या औषधांचा उग्र वास वर यायचा आणि खिडकीतून सातपुडा दिसायचा. मॅडम अमरावतीला कोर्स करून आल्या होत्या. त्यांचे यजमान, देवीदासभाऊ, हायस्कुलात चित्रकला शिकवत. मी लग्न होऊन या गावात आले, मॅडमकडे शिकले आणि मग त्यांच्याच क्लासवर शिकवायला लागले. सकाळी येऊन मशिनी सुरू करायच्या, त्यांच्यावरची फुलाफुलांची कापडं घडी करून ठेवायची, ही माझी कामं. ती कापडं मॅडमनी घरी शिवणाच्या मशिनवर शिवली होती.

नवीन विद्यार्थ्याला मॅडम पहिल्या दिवशी टायपिंग शिकवत नसत, चित्रही काढू देत नसत. पहिला धडा घड्याळाचा. एका मासिकासोबत आलेल्या सीडीत त्यांना घड्याळाचा एक छोटासा प्रोग्राम सापडला होता. त्यात आकडे लहानमोठे करता येत, रंग बदलता येई, सेकंद दाखवता किंवा लपवता येत, आणि माउसनं धरून ते घड्याळ स्क्रीनवर कुठंही नेऊन ठेवता येई. माउस धरताना हात थरथरणाऱ्या माणसाला त्या म्हणायच्या, "घरचं घड्याळ कोणत्या भिंतीवर टांगायचं, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का? हे तुमचं आहे. पाहिजे तिथं टांगा." आणि माणूस खरंच रमायचा. एकानं लाल केलं, एकानं नुसतेच सेकंद ठेवले. एका नव्या सुनेनं ते मुंगीएवढं करून कोपऱ्यात दडवलं. "मले घरी जायाचा टाइम दिसूच नये," असं ती म्हणाली तेव्हा मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

एक नंबरच्या मशिनवरचं घड्याळ मात्र मॅडमचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. काळ्या पट्टीवर पिवळे आकडे, उजवीकडे खाली, कोपऱ्यात. दर थोड्या दिवसांनी मॅडम ते आकडे थोडे बारीक करायच्या, दारापर्यंत चालत जायच्या आणि वळून वाचायच्या. वाचता आलं की माझ्याकडे पाहून म्हणायच्या, "बघ कुसुम, डोळे अजून पोरीसारखे आहेत." मला वाटायचं, चाळिशी जवळ आली, चष्मा लागायची धास्ती बाईमाणसाला असतेच. मी हो म्हणून सोडून द्यायची.

मॅडमच्या बोलण्याची एक गंमत होती. क्लासमध्ये त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या, आहे आणि नाही स्पष्ट. पण घाबरल्या की रोहिणखेडची, त्यांच्या माहेरची बोली सरळ तोंडावर यायची. एकदा वीज कडाडून सगळ्या मशिनी एकदम बंद पडल्या तेव्हा "अव माय व, जळलं काय सगळं?" असं ओरडल्या होत्या. म्हणून मला त्यांच्या मनाचा अंदाज त्यांच्या भाषेवरून यायचा. आणि त्या वर्षी कापसाच्या हंगामापासून मॅडम जास्तीत जास्त वऱ्हाडी बोलायला लागल्या होत्या.

त्याच सुमारास ते घड्याळ सरकायला लागलं. आधी ते कोपऱ्यातून निघून स्क्रीनच्या खालच्या कडेला मध्ये आलं. मग थोडं वर चढलं. एक दिवस मी मशिन सुरू केली तर घड्याळ स्क्रीनच्या ऐन मध्यात. त्यानंतर ते तिथून हललं नाही. एक नंबरवर बसणारा मुलगा अर्ज टाइप करायचा तर अर्धी ओळ घड्याळाखाली जायची. तो कुरकुरला. मी मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "मधी ठेवलं म्हंजे लक्ष राह्यते." मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण त्या क्षणी घाबरण्यासारखं काहीच घडलेलं नव्हतं.

मग बारीकसारीक गोष्टी. दाराच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा लागायचा. टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांच्या कोपरानं दोनदा खाली गेला. एक मुलगी त्यांच्या उजव्या बाजूच्या रांगेत शंका विचारायला हात वर करून बसली होती. मॅडम तिच्याकडे न पाहता पुढं निघून गेल्या. मुलीचा हात कितीतरी वेळ वरच. शेवटी तिनं खाली घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "मॅडमले घमंड आली आता." मॅडमना घमेंड येणं म्हणजे सातपुड्याला चालता येणं. पण त्यांनी त्या मुलीला पाहिलं नव्हतं हेही खरं होतं, आणि ती तर हातभर अंतरावर होती.

बाजाराचा दिवस होता. मॅडमच्या लुना मोपेडवर मागे मी बसले होते. जिनिंग फॅक्टरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजवीकडून कापसाची बैलगाडी येत होती. घराएवढी भरलेली, पांढरीशुभ्र, दुरूनही दिसेल अशी. मला वाटलं, मॅडम थांबतील. त्या थांबल्या नाहीत. वेगही कमी केला नाही. मी ओरडले तेव्हा बैलाचं शिंग मॅडमच्या दंडापाशी होतं. गाडीवानानं दोन्ही हातांनी कासरा खेचला, बैल मागच्या पायांवर बसल्यासारखे झाले, आणि आम्ही दोघी लुनासकट रस्त्याच्या कडेला आडव्या झालो. लागलं फारसं नाही. गाडीवान शिव्या देत होता. मॅडम मातीत बसल्या होत्या आणि त्या प्रचंड पांढऱ्या ढिगाकडे अशा बघत होत्या की जणू तो आत्ता जमिनीतून उगवला.

"हे कुठून आलं व?" त्यांनी मला विचारलं.

"मॅडम, केव्हाची येत होती."

त्या उठल्या. लुना उभी केली आणि घरापर्यंत हातानं ढकलत नेली. दुसऱ्या दिवशी क्लासला आल्या त्या थेट एक नंबरवर जाऊन बसल्या. घड्याळाचे आकडे आणखी बारीक केले, दारापाशी गेल्या आणि वाचलं. बरोबर वाचलं. मग माझ्याजवळ आल्या. दंडावर शिंगाचा ओरखडा लाल दिसत होता. "मले दिसते ना कुसुम? तूच सांग. इतकं बारीक दिसते म्हंजे डोळे बरे हायेत ना?"

तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. त्यांच्या आईचे डोळे चाळिशीच्या आतबाहेर गेले. मामाचे त्याच वयात गेले. आजीचे तर मॅडमच्या जन्माआधीच गेलेले. घरात कुणी डॉक्टरला दाखवलं नाही, नशीब म्हणून सगळे बसून राहिले. "मले रोज सकाळी उठलं का पह्यलं हेच वाटते, आज माही पाळी का? डोळे उघडायचं भेव वाटते. म्हणून घड्याळ पाह्यते. वाचता आलं का एक दिस मिळाला." देवीदासभाऊंना यातलं काही माहीत नव्हतं. लग्न जमताना आईचे डोळे तापानं गेले असं सांगितलं होतं, आणि ते तसंच राहून गेलं होतं.

थोड्याच दिवसांनी मॅडमच्या भावाकडे बारसं होतं. भाऊ सुभाष, त्यांच्याहून धाकटा, रोहिणखेडला वांगी-मिरची लावायचा. मॅडमना एकटीनं प्रवास नको होता, म्हणून मी सोबत गेले. नांदुऱ्याला गाडी बदलली, मोताळ्याहून पुढं जीप. गावातल्या जुन्या मशिदीच्या अलीकडे जीप थांबली. मॅडम उतरल्या आणि माझा हात धरून चालायला लागल्या. माहेरच्या वाटेवर बाई कुणाचा हात धरून चालत नाही.

मॅडमची आई, मी तिला आजीच म्हटलं, अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. बोटं दाण्यांतून अशी फिरत होती की खडा आपोआप बाजूला पडायचा. मॅडम तिच्या पाया पडून घरात गेल्या. मी सावलीला बसले. आजीनं सूप खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "तू तिच्यासंगं राह्यतं ना माय?"

"हो आजी. क्लासवर संगंच असतो आम्ही."

"थे ठेचाळते का?"

मी सूप तिच्याकडे सरकवलं. आजी म्हणाली, "आता आत गेली तं उंबऱ्याले पाय लागला तिचा. या उंबऱ्यावर चालायले शिकली थे. आजवर लागला नाही."

"आजी, त्यांना दिसते," मी म्हणाले. "लांबून बारीक आकडे वाचतात. माझ्यापेक्षा चांगले."

आजीनं मान हलवली. तिची नजर माझ्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडे लागली होती. "मले बी दिसे व. ज्या साली डोळे गेले, त्या साली मी सुईत दोरा ओवत होती. समोरचं शेवटी जाते. आंधी बाजूचं जाते. हळूहळू. समजत बी नाही. तुले वाटते लोक अचानक येऊन उभे राह्यले. ढोर अचानक आलं. लेकरू अचानक पायात आलं." तिनं हात पुढं केला आणि चाचपत माझं मनगट धरलं. "तिले तू सांग. माह्यानं नाही सांगवत. मीच देल्लं ना तिले हे."

आतून बारशाच्या बायकांची गाणी ऐकू येत होती. मला तो पांढरा कापूस दिसत होता. हात वर करून बसलेली मुलगी दिसत होती. आणि कोपऱ्यातून निघून स्क्रीनच्या मध्यावर येऊन बसलेलं ते घड्याळ. त्यांना ते कोपऱ्यात सापडत नव्हतं. एवढं साधं होतं ते.

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीशी झोपल्या. मी सगळा रस्ता जागी. त्यांना सांगायचं कसं? ज्या परीक्षेवर ही बाई रोज एक दिवस जगते, ती परीक्षाच चुकीची आहे, हे तिला कोणत्या शब्दांत सांगतात?

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी मी त्यांना एक नंबरसमोर बसवलं. "मॅडम, घड्याळाकडे पाहा. नजर तिथून हलवायची नाही. सेकंद वाचत राहा. माझा हात दिसला की सांगा."

"हे काय नवीन?"

"पाहा तर."

त्या सेकंद वाचायला लागल्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले, हात लांब धरला आणि बोटं हलवत हळूहळू पुढं आणू लागले. मॅडम वाचत होत्या. माझा हात त्यांच्या खांद्याच्या रेषेत आला. त्या वाचत होत्या. कानाच्या पुढं आला. गालाजवळ आला. माझी बोटं त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर असतील, आणि त्यांचा आवाज तसाच, स्वच्छ, एकही आकडा न चुकता. हात जवळजवळ नाकासमोर गेला तेव्हा त्या दचकून मागे सरल्या.

"अव! केव्हा आणला हात?"

"मघापासून आहे मॅडम."

"मघापासून म्हंजे?"

त्यांनी स्वतःच आपला उजवा हात वर केला, बाजूला धरला आणि नजर घड्याळावर रोखून बोटं हलवली. मग हात आणखी पुढं. आणखी पुढं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी पाहिला. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. स्क्रीनवर सेकंद पळत होते.

"मंग मी इतके दिस काय पाहून राह्यली होती?" त्या म्हणाल्या.

डॉक्टरकडे जायला त्या तयार होईनात. आज लाइट नाही, उद्या परीक्षा आहे, परवा पाहुणे आहेत. एकदा चिडून म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगतलं का मंग थे खरं होते. अजून खरं झालं नाही." मला त्यांचं म्हणणं समजत होतं. अंधार येणार हे ठाऊक असलेल्या माणसाला दिव्याचीही भीती वाटते. पण आजीनं धरलेलं माझं मनगट मला विसरता येत नव्हतं. मी मॅडमना म्हणाले, "तुम्ही देवीदासभाऊंना सांगा, नाहीतर मी आज तुमच्या घरी येऊन सांगते."

मीच गेले सोबत. देवीदासभाऊ शाळेतून नुकतेच आले होते, बोटांना निळा खडू लागलेला. मॅडमनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आई, मामा, आजी, तापाची थाप, घड्याळ, बैलगाडी. भाऊ ऐकत राहिले. मॅडमना वाटत होतं, ते रागावतील. ते उठले, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथून दिसतो का मी?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"किती दिवसांपासून?"

"नाही सांगता येत."

ते तसेच त्या बाजूला उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "सकाळच्या गाडीनं अकोल्याला जाऊ."

अकोल्याच्या डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला आणि लगेच मॅडमना एका अंधाऱ्या खोलीत पाठवलं. तिथं एक मशिन होतं, आतून पांढऱ्या परातीसारखं. हनुवटी टेकवायची, मधल्या खुणेकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. पडदा अर्धवट होता, त्यामुळं मी आणि भाऊ बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होतो. मशिनचा घरघराट आणि बटणाचा टक् असा आवाज. टक्. टक्. मग बराच वेळ काही नाही. मशिन चालूच. म्हणजे उजेड चमकत होते. कुठंतरी, कुणाला तरी दिसतील असे चमकत होते. आतून तपासणाऱ्या मुलीचा आवाज आला, "ताई, दिसलं की दाबा हं."

"दाबते ना बाई. दिसल्यावर दाबते."

पुन्हा शांत. भाऊंच्या शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा राहिला होता. तो त्यांनी काढला आणि बोटांनी चुरत राहिले. पायाशी निळा भुगा साचला. त्या शांततेएवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

काचबिंदू. उजव्या डोळ्यात मध्यावर एक छोटं भोक उरल्यासारखं, बाकी सगळं गेलेलं. डावा बरा होता, नाकाकडची बाजू गेलेली, पण निम्म्याहून जास्त शाबूत. डॉक्टर सरळ बोलणारे होते. "गेलं ते परत येणार नाही. राहिलं ते राखता येईल. औषधाचे थेंब रोज घालायचे, जन्मभर. तपासणी चुकवायची नाही." मॅडमनी विचारलं, "मग आंधळी नाही ना होणार मी?" डॉक्टर म्हणाले, "हमी नाही देत मी. पण आला नसतात, तर नक्की झाला असतात." बाहेर आल्यावर त्यांनी भाऊंच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत हमसून हमसून रडल्या.

क्लास त्यांनी बंद केला नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "मला बाजूचं दिसत नाही. हात वर केलात तर तोंडानं आवाजही द्या." हात खाली घेतलेली ती मुलगी उठून त्यांच्याजवळ आली आणि नुसती उभीच राहिली. एक नंबरवरचं घड्याळ मॅडमनी काढून टाकलं. "त्याचा काही दोष नाही व," मला म्हणाल्या, "मीच त्याले चुकीचं विचारत होती." लुना मी चालवायची, त्या मागे बसायच्या. चालताना चिमणीसारखी मान इकडून तिकडे फिरवायची त्यांनी सवय लावून घेतली. डोळ्यात थेंब घालताना घरात कुणी बोललेलं खपायचं नाही.

भीती मात्र गेली नाही. लोकांना वाटतं, एकदा कळलं की माणूस धीट होतो. मॅडम झाल्या नाहीत. तपासणीच्या आदल्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. अकोल्याच्या गाडीत त्या माझ्या हाताला अशी नखं रुतवायच्या की उतरेपर्यंत वण उठलेले असायचे. तरी एकही तपासणी त्यांनी चुकवली नाही. नंतर माझ्या यजमानांची बदली होऊन मी ते गाव सोडलं, तरी त्या तारखा टळल्या नाहीत. आजही, इतक्या वर्षांनी, त्या समोरच्या माणसाचा चेहरा ओळखतात.

आणि मी गावात असतानाच त्यांच्यामुळं सुभाषचे डोळे वाचले. त्याच्यात काचबिंदू नुकता सुरू झाला होता, कडेचा थोडा भाग गेला तेवढाच. पण त्याला दवाखान्यात नेणं सोपं नव्हतं. मॅडमनी निरोपावर निरोप धाडले. तो प्रत्येक वेळी सांगायचा, मले दिसते, वांग्यातली अळी दिसते मले, कायले येऊ? शेवटी मॅडम मला घेऊन स्वतःच रोहिणखेडला गेल्या. आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा सुभाषची बायको म्हणाली, ते मळ्यात आहेत. मळ्यात गेलो तर तिथंही कुणी नाही. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोपटाचं दार आतून लावलेलं होतं.

बांधावरून चालणं मॅडमना सोपं नव्हतं. मी मागून कोपराला धरलं होतं. खोपटापाशी पोचल्यावर त्या दारासमोर जमिनीवरच बसल्या.

"सुभाष, दार उघड."

त्यांनी दारावर थाप मारली.

"माहीत हाये मले तू आत हायेस. श्वासाचा आवाज येऊन राह्यला."

"जा बाई तू," आतून आवाज आला. चांगला मोठा, दोन लेकरांचा बाप असलेला माणूस, आणि आवाज लहान पोरासारखा. "मले काही झालं नाही. मले नाही जाणून घ्याचं."

"मले बी नव्हतं जाणून घ्याचं."

"मले भेव वाटते व बाई."

मॅडमच्याही तपासणीचे दिवस जवळ आले होते आणि सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनी पुढं होऊन दाराच्या फळीवर तळवा टेकवला.

"मी कुठं म्हणून राह्यली, भेऊ नको? भे. मी बी भेऊन राह्यली. पण गाडीत बसून भे."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. सुभाष बाहेर आला तो मान खाली घालून, गुडघ्यांना चिखल लागलेला. मॅडम उठल्या. त्यांनी त्याला तसंच, हातपायही धुवू न देता, रस्त्याकडे चालवलं. घरासमोरून जाताना आजी दाराची चौकट धरून उभी होती. पावलांच्या आवाजावरून तिनं दोघांना ओळखलं. "दोघं जा," ती म्हणाली, "दोघं या."

जीपमध्ये मॅडमनी त्याला आपल्या शेजारी दाबून बसवलं आणि त्याचं मनगट धरून ठेवलं. जीप हलली तसं सुभाषनं डोळे गच्च मिटून घेतले. मॅडमनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या मांडीवर एक चापट मारली.

"उघड," त्या म्हणाल्या. "पाहून घे."